अस्वलांच्या रानात प्लस पी: डब्यावरचा आकडा नंतर, पिस्तूल आधी

मोंटानात आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न काढतंच: "ताई, माझं नऊ एमएम आहे. ट्रेकला जाताना त्यात प्लस पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची, काडतुसं भरली तर चालतील ना?" चालतील की नाही, हे मी सांगून उपयोग नाही. ते तुमचं पिस्तूल सांगेल. त्याला विचारायचं कसं, तेवढं मी सांगते.

त्याआधी कायद्याचं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर असाल, तर पिस्तूलच काय, एक सुटं काडतूस जवळ बाळगणंही संघीय कायद्याने गुन्हा आहे. त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या नियमांनुसार पिस्तूल नेता येतं, पण नेण्याची मुभा म्हणजे झाडण्याची मुभा नव्हे. व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत तर ते नेताच येत नाही.

आणि स्प्रे. पिस्तूल घेतलं म्हणून अस्वलावर मारायचा तिखट स्प्रे घरी ठेवायचा नाही. अलास्कातल्या घटना तपासून २००८ मध्ये स्मिथ, हेरेरो आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यास छापला, त्यात तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के वेळा आवरलं होतं. स्प्रेला नेम धरावा लागत नाही, निदान पिस्तुलाइतका तरी नाही. (गंमत बघा, विमानाच्या सामानात पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद पेटीत, सांगून नेता येतं, स्प्रे मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही. तो उतरल्यावर विकत घ्यायचा.)

आता मूळ मुद्दा. काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा अमेरिकेत 'सामी' ही उद्योगाची संस्था ठरवते. साध्या नऊ एमएमला ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), प्लस पीला ३८,५००. पॉइंट फॉर्टीफाइव्ह या जाड गोळीच्या काडतुसाला २१,००० आणि प्लस पीला २३,०००. म्हणजे वाढ साधारण दहा टक्क्यांची. एवढ्याने पिस्तूल हातात फुटेल असं नाही; नव्या पिस्तुलाची चाचणीच कमाल मर्यादेहून बऱ्याच जास्त दाबाच्या काडतुसांनी होते. पण फुटत नाही म्हणजे झिजत नाही, असं नव्हे. डब्यावर 'प्लस पी प्लस' असेल, तर तो डबा परत फळीवर ठेवा. त्याला सामीची कुठलीच मर्यादा नाही; बनवणाऱ्याने किती दाब ठेवलाय, ते त्यालाच ठाऊक.

या दहा टक्क्यांत पदरात काय पडतं? १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साध्या काडतुसातून सेकंदाला ११५० फुटांच्या आसपास निघते, प्लस पीमधून १२००च्या आसपास. पन्नास फूट. अस्वलाला तो फरक कळणार नाही. फरक पडतो तो गोळीच्या घडणीने. माणसापासून बचावासाठी आपण पोकळ टोकाची गोळी घेतो, कारण ती फुलते आणि आत थांबते. अस्वलाच्या बाबतीत नेमकं हेच नको असतं. जाड चरबी, खांद्याचे स्नायू, कवटी, एवढं पार करून आत जायचंय. त्यासाठी जड, सपाट टोकाची, न फुलणारी गोळी लागते: नऊ एमएममध्ये १४७ ग्रेनच्या आसपासची, कडक शिशाची किंवा धातूच्या पूर्ण आवरणाची. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाइडने आपल्या पाहुण्यांवर चालून आलेलं तपकिरी अस्वल नऊ एमएमने पाडलं, ते अशाच १४७ ग्रेनच्या कडक शिशाच्या प्लस पी गोळ्यांनी. त्या बातमीनंतर लोक 'प्लस पी' लक्षात ठेवतात आणि 'कडक शिसं' विसरतात.

कडक शिशाची एक खोड आहे. आधीच्या पिढ्यांतल्या ग्लॉक पिस्तुलांसारखी बहुकोनी खाचांची नळी असेल, तर उघडं शिसं आत चिकटत जातं आणि दाब वाढत जातो. वर काडतूस मुळातच जास्त दाबाचं. अशा नळीत आवरणाची सपाट टोकाची गोळी घ्या आणि विषय संपवा.

डबा विकत घेण्याआधी पिस्तुलाचं मॅन्युअल उघडा. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं. प्लस पीबद्दल तिथे तीनपैकी एक उत्तर असतं: चालेल, चालेल पण भाग लवकर झिजतील, किंवा वापरू नका. तिसरं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. जुनं, हलक्या मिश्रधातूच्या सांगाड्याचं पिस्तूल असेल आणि मॅन्युअल गप्प असेल, तर ते गप्प बसणं 'नाही' असंच धरा.

आता रेंज. इथे घाई करू नका, कारण प्लस पी चालत नाही तेव्हा ते बहुतेक वेळा स्फोटाने नाही, अडकण्याने कळतं. जास्त दाबाने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, जोरात मागे जाते आणि तितक्याच जोरात पुढे येते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) स्प्रिंगने पुढचं काडतूस वर ढकललेलं असायला हवं. स्प्रिंग थकलेली असेल तर काडतूस अर्ध्या वाटेवरच असतं. मग स्लाइड त्याच्या बुडाला धरण्याऐवजी पाठीवर चढते, टोक वर तिरपं होतं आणि सगळं तिथेच रुततं. ते काडतूस बाहेर काढून बघा: पितळेच्या मध्यावर एक आडवी, चकचकीत खरवड दिसेल. ती दिसली की समजायचं, दोष काडतुसाचा नाही, स्प्रिंगचा आहे. हे बहुधा शेवटच्या एक-दोन काडतुसांवर होतं, कारण तिथे मॅगझिनची स्प्रिंग सगळ्यात सैल असते. म्हणून चाचणीत प्रत्येक मॅगझिन शेवटपर्यंत रिकामं करायचं. अर्धं झाडून "चालतंय की" म्हणायचं नाही.

रानात जी मॅगझिन नेणार, त्याच मॅगझिन तपासा. त्यांवर मार्करने खूण करा आणि सरावाची वेगळी ठेवा. त्यांच्या स्प्रिंगा नव्या घाला. पिस्तुलातली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. स्लाइडला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंगही बघा. पॉइंट फॉर्टीफाइव्हच्या '१९११' नावाच्या पिस्तुलात नेहमीची १६ पौंडांची असते, प्लस पीसाठी बरेच जण साडेअठराची घालतात. पण फार कडक स्प्रिंग घातली की स्लाइड आणखी जोरात पुढे येते आणि वरचंच दुखणं उलट वाढतं. एक पायरी चढा आणि पुन्हा तपासा.

माझा हात लहान आहे आणि पिस्तूल आखूड, त्यामुळे मी एक गोष्ट हट्टाने करते: ठरवलेल्या काडतुसांची काही मॅगझिन एका हाताने झाडते, थोडी डाव्या हातानेही. अस्वल अंगावर आलं तर दुसरा हात मोकळा असेलच, याची खात्री कोण देणार? सैल पकडीत स्लाइडला टेकायला काही उरत नाही आणि दोन हातांत गोजिरवाणं वागणारं पिस्तूल एका हातात रुसतं. नेमाची दुसरी गोळीही बघा. प्लस पीने नळी जास्त उसळते. तीन-चार यार्डांवर दुसरी गोळी कागदाबाहेर जात असेल, तर साधं काडतूस आणि तीच जड, सपाट गोळी हा जास्त शहाणा सौदा आहे. मी स्वतः तोच करते आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडलं तर मुरडू देते. कानांवर दुहेरी संरक्षण घ्या, आत बोळे आणि वर मफ.

झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच उचलून त्याचा चपटा झालेला प्रायमर (बुडातला ठिणगी पाडणारा भाग) बघून दाब ओळखणारे तज्ज्ञ रेंजवर भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ती खूण भरवशाची नाही. कवचाच्या बुडाजवळ फुगवटा दिसला, प्रायमरला भोक दिसलं किंवा कवच चिरलेलं दिसलं, तर मात्र थांबा आणि पिस्तूल गनस्मिथला दाखवा.

जे सगळ्यात जास्त लोक विसरतात ते हे: तेच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत चढवू नका. गाडीतून उतरताना भरलं, संध्याकाळी रिकामं केलं, सकाळी पुन्हा तेच वर. दर वेळी गोळीचं टोक नळीच्या तोंडाच्या उतारावर आपटतं आणि गोळी कवचात कणाकणाने आत सरकते. आत जागा कमी, तेवढ्याच दारूला दाब जास्त. आणि सुरुवातीलाच जो जास्त होता तो आता कुठल्याही मर्यादेत राहत नाही. कॅलिपर घ्या, डब्यातल्या नव्या काडतुसाची लांबी मोजा आणि चढवून काढलेल्याची मोजा. मी एकदा चढवलेल्या काडतुसाच्या बुडावर मार्करने ठिपका देते. दोन ठिपके झाले की ते सरावाच्या डब्यात जातं. मोजल्यावर ते आखूड भरलं, तर तिथेही नाही, सरळ रेंजवाल्यांच्या बाद काडतुसांच्या डब्यात.

रिव्हॉल्व्हरवाल्यांचं दुखणं याच्या उलट. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. भरलेल्यातलं शेवटचं काडतूस न झाडता बाहेर काढून मोजा, म्हणजे कळेल.

शेवटी ठेवायचं कुठे. पाठपिशवीचा कमरपट्टा कमरेवरचं होल्स्टर झाकून टाकतो, म्हणून छातीवरचं घ्या, आणि स्प्रे पट्ट्याच्या पुढच्या बाजूला, डाव्या हाताला मिळेल असा. पिशवी पाठीवर असताना दोन्ही काढून बघा, घरीच, पिस्तूल रिकामं करून.