पुन्हा 'सौजन्य : इंटरनेट' छापायचं नसेल तर

वाडीच्या गणपतीची स्मरणिका असो, दिवाळी अंक असो, फोटो जमवायला बसण्याआधी एक वही घ्या. फोटो सेव्ह केला की तिथल्या तिथे लिहायचं: कोणी काढला, कुठून घेतला, दुवा काय, तारीख कोणती. जेवून आल्यावर नाही. तिथल्या तिथे.

मी 'नंतर बघू' म्हणालो होतो. गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनाचा एक झकास फोटो ग्रुपवर फिरत आला, मी फोल्डरमध्ये टाकला. दोन महिन्यांनी मांडणीच्या रात्री तो कोणाचा, हे कोणालाच आठवेना. खाली छापलं 'सौजन्य : इंटरनेट'. प्रकाशनाच्या दिवशी तिसऱ्या रांगेतला एक मुलगा पान 14 उघडून माझ्याकडे आला. "काका, इंटरनेट म्हणजे मीच. मागच्या गल्लीत राहतो." मग 500 प्रतींवर त्याच्या नावाच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या. डिंक ओला असतानाच गठ्ठे बांधले, त्यामुळे बऱ्याच पट्ट्या समोरच्या पानावर गेल्या.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती उरत नाही, तेव्हा 'फाइलमध्ये असेलच नाव' या भरवशावर राहू नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, छपाईलाही तीच लागते. आणि गूगलने आजवर विसर्जनाचा एकही फोटो काढलेला नाही. गूगलवर दिसला तर मूळ पानावर जा, तिथलं नाव वहीत उतरवा.

घरचे जुने फोटो आले की मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं साल, सगळं तिथेच असतं. ज्यांनी अल्बममधून काढून दिला त्यांचं 'सौजन्य', ज्याने काढला त्याचं 'छायाचित्र'. दोन्ही छापा, एकाच्या जागी दुसरं नको. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, इथल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, त्यांचेही सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत.

नाव छापलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, हे आमच्या कमिटीला अजून पटलेलं नाही. परवानगी आधी, आणि लेखी. मेसेज चालेल, पण त्यात कशासाठी, किती प्रती आणि पीडीएफ नेटवर टाकणार का, हे तिन्ही हवं. 'जुना आहे, चालतंय' म्हणणाऱ्यांसाठी: 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. म्हणजे 1975 साली पहिल्यांदा छापलेला फोटो 2035 संपेपर्यंत सुटत नाही. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. पण काढणारा म्हणून नाव सांगायचा हक्क कलम 57 प्रमाणे छायाचित्रकाराकडेच राहतो.

विकिमीडिया कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहातून, घेणार असाल तर फोटोखालचा परवाना वाचा. 'सीसी बाय' (क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय देऊन वापरायची मुभा) असेल तर छायाचित्रकाराचं नाव, मूळ दुवा आणि आवृत्तीसकट परवाना द्यायचा, उदाहरणार्थ 'सीसी बाय 4.0'. कापला किंवा कृष्णधवल केला तर तेही सांगायचं. कॉमन्सबाहेरच्या फोटोंवर 'एनसी' दिसलं तर ते म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई; जाहिराती घेणाऱ्या अंकाने त्या वाटेला जाऊ नये. हे सगळं कुठे लिहायचं? वहीत. कधी? सेव्ह करताना. परत त्या पानावर जाल तेव्हा दुवा मेलेला असेल, मग बसा.

मांडणीवाल्याला बजावा की कोपऱ्यातलं नाव कापायचं नाही. फोटो-ओळीतच श्रेय, शेवटच्या पानावर गठ्ठ्याने नको. वाचता येईल असा टाइप. प्रुफात नावांची स्पेलिंगं ज्याची त्याच्याकडून तपासून घ्या. छापून झालं की प्रत्येक छायाचित्रकाराला एक प्रत, घरपोच.

त्या मुलासाठी पट्टी सरळ बसलेली प्रत शोधायला आम्हाला तीन गठ्ठे सोडावे लागले.