सुपरहिरोची कादंबरी लिहायला घेताना

कॉमिकमध्ये नायकाने ट्रक उचलला की एक चौकट पुरते. कादंबरीत पानभर वर्णन करूनही तो ट्रक जागचा हलत नाही. चित्राशी बरोबरी करायला गेलेला मजकूर इथेच फसतो. गद्याला शक्ती असलेल्या माणसाच्या आत शिरता येतं, म्हणून तयारी करताना ती शक्ती वापरताना काय काय अडतं ते आधी शोधा.

पहिलं प्रकरण लिहिण्यापूर्वी प्रत्येक शक्तीसाठी एक कोरं पान घ्या. किती अंतरावर चालते, किती वेळ टिकते, नंतर शरीराचं काय होतं, पुन्हा कधी वापरता येते, कशावर अजिबात चालत नाही, हे आकड्यांसकट लिहा. 'दूरवरून मनातलं ऐकू येतं' यावर प्रसंग उभा राहत नाही. '४० मीटरच्या आत ऐकू येतं, पण भिंतीआडून फक्त भीती किंवा राग कळतो, शब्द नाहीत' असं ठरलं की प्रसंग आपोआप सुचायला लागतात. शक्ती आली कुठून याला चार ओळी पुरेत. उल्का असो की प्रयोगशाळा, वाचक ते एकदा मान्य करून पुढे जातो. अधेमधे नियम बदलला तर मात्र पुस्तक मिटतो.

एच. जी. वेल्सने १८९७ मध्ये अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली, तीत हे काम चोख झालेलं आहे. कपडे दिसतात म्हणून माणूस उघडा, उघडा म्हणून थंडीने काकडलेला. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत दिसत राहतं, चिखलाची पावलं उमटतात, आणि पापण्याच पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटूनही समोरचं दिसतं.

आता उंचावरून पडणाऱ्याला झेलण्याचा हमखास प्रसंग घ्या. हवेचा विरोध सोडला तर हिशोब सोपा आहे: एकूण उंची भागिले थांबवायला मिळालेलं अंतर, स्वतःच्या वजनाच्या तितक्या पट भार शरीरावर येतो. विसाव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण ६० मीटरवरून पडलेला माणूस खाली येईस्तोवर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. नायकाने हात पुढे करून ३० सेंटिमीटरमध्ये झेलला तर भार २०० पट. जमिनीवर आपटण्यात आणि यात फारसा फरक नाही. पाच पटींवर आणायचा तर थांबवायला १२ मीटर अंतर हवं. म्हणजे नायकाने त्याच्याबरोबर त्याच वेगाने खाली येत चौथ्या मजल्यापासून वेग कमी करत आणायला हवं. पोहोचायला उशीर झाला आणि हाती ३ मीटरच उरले, तर भार २० पट. माणूस कदाचित वाचेल, पण त्याच्या बरगड्या नायकाच्याच हातांत मोडतील. लिहिण्यासारखा प्रसंग हा आहे.

वेगवान नायकाचंही तसंच. माणसाला प्रतिक्रिया द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. आवाजाच्या वेगाने धावताना तेवढ्यात ६८ मीटर मागे पडतात. म्हणजे त्याचं मनही वेगवान हवं, आणि मग समोरच्याचं एक वाक्य संपेपर्यंत त्याला ताटकळावं लागणार. संवाद लिहिताना हे विसरू नका.

८० हजार शब्दांची कादंबरी असेल तर शक्ती पहिल्या पाच हजारांत दिसू द्या. तिची मर्यादा पहिल्या पाव भागात एकदा सहज येऊ द्या आणि मध्यावर तिच्यापायी काहीतरी हातचं जाऊ द्या. शेवटाला ऐनवेळी नवी ताकद फुटली की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

मारामारी बाराशे शब्दांच्या पुढे नेऊ नये. 'धडाम' आणि 'सटाक' चित्रात शोभतात, परिच्छेदात पोरकट वाटतात. प्रत्येक लढाईत नायकाला दोनपैकी एकच गोष्ट वाचवता येईल असं बघा. खलनायक नायकाहून बलवान असण्याची गरज नाही. ठोसा मारून सुटणार नाही असा त्याचा डाव असला की झालं. गुप्त ओळख ठेवणार असाल तर कोणाला काय माहीत आहे याचा प्रकरणवार तक्ता करा, नाहीतर विसाव्या प्रकरणात कोणीतरी नको ते बोलून जातं.

खर्डा पुरा झाला की शक्ती वापरल्याच्या प्रत्येक जागी समासात खूण करा: काम फत्ते, फसलं, की किंमत मोजून जमलं. लागोपाठ तीन 'फत्ते' आले तर मधला प्रसंग पुन्हा लिहा.