पॉइंट टू-टूची पिढी कशी ओळखायची

सांगलीजवळ हरिपूरला आमच्या घरी आबांची पॉइंट टू-टू (.22 बोअरची) ब्रनो रायफल आहे. चेकोस्लोव्हाकियात बनलेली, मॉडेल 2. आबांच्या मागे परवाना माझ्या नावावर झाला. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती खालच्या कपाटातच राहिली. पाणी ओसरल्यावर मी लाकडाचे स्क्रू काढले, तर लाकूड आणि बॅरलच्या फटीत नुसता गाळ. दात घासायचा जुना ब्रश आणि शिवणयंत्राचं तेल घेऊन दुपारभर बसले. चेंबरजवळचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेजवळचा, थर निघाला आणि प्रूफच्या खुणेशेजारी (बंदूक तपासून पास केल्याचा ठसा) दोन आकडे दिसले, 57. आबा तर कायम "बासष्टची असंल" म्हणायचे.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. आधी मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा मुठीचा दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. मग प्रूफची खूण शोधा. चेक बंदुकांवर तिच्याजवळ वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. बंदुकीचा नंबर परवान्याशी त्याच बैठकीत ताडून घ्या. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली की धावपळ होत नाही.

ब्रनो 1 आणि 2 महायुद्धानंतरच्या. त्याच घराण्यात पुढे सीझेड 452 आली, 2010 च्या सुमारास 455 आणि 2019 मध्ये 457. आपल्याकडे 1980 च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. त्यामुळे गावाकडे दिसते ती बहुतेक जुनी ब्रनो, आणि नव्या पिढ्या स्पर्धेतल्या नेमबाजांकडे.

452 की 455, हे बॅरलच्या बुडाशी कळतं. 452 ची बॅरल आट्यांनी रिसीव्हरमध्ये (बोल्ट सरकतो त्या धातूच्या सांगाड्यात) पक्की बसवलेली असते. 455 मध्ये ती दोन छोट्या स्क्रूंनी आवळलेली असते, म्हणजे बॅरल बदलून दुसऱ्या बोअरची काडतुसंही चालवता येतात. पण परवान्यावर बोअर लिहिलेला असतो, तेव्हा ते स्क्रू आपण उगाच फिरवू नयेत. 457 हातात घेतली की लगेच कळते. रिसीव्हर आखूड, आणि बोल्टची मूठ 90 ऐवजी 60 अंशच उचलावी लागते, त्यामुळे दुर्बिणीला हात अडत नाही. मॅगझिन मात्र तिन्हींना तेच चालतं, त्यावरून काही ठरवू नका.

आता सेफ्टी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. 452 आणि 455 मध्ये सेफ्टी पुढे ढकलली की बंदूक बंद, मागे ओढली की चालू. 457 मध्ये नेमकं उलटं केलंय, पुढे ढकलली की चालू. माझी भाची 452 वर शिकली. एकदा रेंजवर तिच्या हातात 457 दिली. तिनं सवयीनं सेफ्टी पुढे ढकलली आणि बोट चापाला लागलं. नळी निशाणाकडे होती म्हणून गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली. पोरगी पांढरीफटक. "आत्या, बंद केली होती गं मी!" तिची चूक नव्हतीच. रायफल हातात देणाऱ्यानं आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून मी कुठलीही अनोळखी रायफल अशी तपासते: नळी सुरक्षित दिशेला, चेंबरमध्ये आधीच उडवलेलं रिकामं काडतूस, सेफ्टीनं बंदूक बंद, मग चाप ओढायचा. काडतुसावर आपटणारी पिन पडता कामा नये. मग सेफ्टीनं बंदूक चालू करून पुन्हा चाप ओढायचा. रिकामं काडतूस घालायचं कारण असं, की रिमफायरमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या बंदुकीत, पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. आत काहीच नसेल तर जुन्या बंदुकीत ती चेंबरच्या काठावर बसू शकते, आणि काठाला खोच पडली की काडतूस नीट बसत-निघत नाही.

भाचीच्या किट बॅगेत आता एक चिठ्ठी असते: "452 पुढे, बंद. 457 पुढे, चालू." दुसऱ्याची रायफल घेण्याआधी ती मोठ्यानं वाचते.