स्क्रीनिंग लीड करायला सांगितलंय? मग पॉझिटिव्ह रिपोर्टपासून सुरुवात करा

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, डॉक्टर, कॅन्सर स्क्रीनिंग (काही त्रास नसलेल्यांची तपासणी) सुरू करूया, तुम्हीच लीड करा, आणि आपण भिडेखातर हो म्हणून बसतो. मग पुढचा तासभर चर्चा कशावर तर मशीन कुठलं घ्यायचं आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. मीसुद्धा हेच केलं होतं. चार महिन्यांनी सहज फाइल्स चाळत होतो तर एका बाईंचा पॅप टेस्टचा (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) रिपोर्ट अ‍ॅबनॉर्मल, छान पंच करून फाइलला लावलेला, आणि त्यांना फोन कुणीच केलेला नाही, कारण लॅबला वाटलं ओपीडी करेल, ओपीडीला वाटलं सिस्टर करतील आणि सिस्टरना कुणी सांगितलंच नव्हतं. बाई सापडल्या, उपचार वेळेत झाले, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य, निव्वळ नशीब.

म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगतो, उलट्या टोकाने सुरू करा. एक कागद घ्या, वर लिहा "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला", आणि खाली एकेक पायरी. रिपोर्ट कोण बघणार आणि किती दिवसांत, पेशंटला कोण सांगणार, फोन लागला नाही तर किती वेळा लावायचा आणि मग काय, कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघणं) किंवा कोलोनोस्कोपी (मोठं आतडं दुर्बिणीने बघणं) किंवा बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) कुठे होणार, तिची तारीख कोण घेणार, कॅन्सर निघालाच तर कुठल्या सर्जनकडे, कुठल्या ऑन्कॉलॉजिस्टकडे (कॅन्सरतज्ज्ञाकडे). प्रत्येक पायरीपुढे माणसाचं नाव पाहिजे, "गायनॅक विभाग" असं चालणार नाही, आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नावही. जिथे नाव सुचत नाही तिथेच पेशंट हरवणार हे नक्की समजा, आणि ती जागा भरेपर्यंत एकही टेस्ट करू नका, बाकीचे कितीही घाई करोत.

कुठले कॅन्सर घ्यायचे? इथे मोह आवरा. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे निकष लिहिले, ते आजही चालतात: आजार महत्त्वाचा हवा, लक्षणं दिसण्याआधीचा टप्पा सापडण्यासारखा हवा, टेस्ट लोकांना झेपणारी हवी, आणि सापडल्यावर द्यायला उपचार हवा. या चाळणीतून गर्भाशयमुख, स्तन आणि मोठं आतडं हे तिघे व्यवस्थित पास होतात. फुफ्फुसाचा फक्त जास्त धूम्रपान केलेल्यांसाठी, लो डोस सीटीने (कमी किरणांच्या सीटी स्कॅनने), साध्या एक्सरेने नाही. अमेरिकेच्या गाइडलाइनमध्ये तो ५० ते ८० वयाच्या, किमान २० पॅक-इयर (रोज एक पाकीट असं वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर) ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्यांना दरवर्षी सांगितलाय. गर्भाशयमुखासाठी जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) सुचवते, सर्वसाधारण बायकांना ३० व्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी, आणि एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि कमी अंतराने. तुमच्या देशाची गाइडलाइन असेल तर वयं आणि अंतरं तिच्यातलीच घ्या, स्वतःची कल्पकता इथे नको.

आणि कुणी "जोडीला थायरॉइडची सोनोग्राफी पण करून टाकू, काय जातंय" म्हणालं तर त्याला दक्षिण कोरियाची गोष्ट सांगा. तिथे इतर तपासण्यांच्या जोडीला ती सर्रास व्हायला लागली, २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं आणि मृत्यूदर होता तिथेच. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी निघाल्या, आयुष्यभराच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यातल्या बहुतेकांना तो कॅन्सर कधी त्रास देणारच नव्हता.

एक घोळ जवळपास सगळीकडे होतो. स्क्रीनिंग हे ज्याला काही त्रास नाही त्याच्यासाठी. छातीत गाठ हाताला लागतेय, शरीरसंबंधानंतर रक्त जातंय, तोंडातली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाहीये, अशा माणसाला स्क्रीनिंगच्या रांगेत उभं करू नका, त्याला वेगळा आणि झटपट रस्ता पाहिजे. गाठ लागत असताना मॅमोग्राम (स्तनाचा एक्सरे) नॉर्मल आला म्हणून घरी पाठवणं ही तर मोठीच चूक, तिथे सोनोग्राफी आणि बायोप्सीपर्यंत जायलाच हवं. मी तर म्हणतो हा दुसरा रस्ता आधी बांधा, कारण बजेट कमी असेल तर लवकर निदानाचा फायदा इथेच पटकन दिसतो.

आता सहकारी डॉक्टर. खरं कसब इथे लागतं. डॉक्टरने स्वतः "ही टेस्ट करून घ्या" म्हटलं की लोक करतात, पोस्टर बघून फार कमी येतात, हे वेगवेगळ्या देशांत दिसलेलं आहे. पण ओपीडीत डॉक्टरला आठवतच नाही, त्याचा दोष नाही, समोर ताप आणि खोकला असतो. म्हणून त्याच्या आठवणीवर सोडू नका. लेखी ऑर्डर काढून ठेवा की अमुक वयाच्या, टेस्ट बाकी असलेल्या पेशंटला नर्सच विचारेल आणि किट हातात देईल. शौचातलं रक्त तपासणारी एफआयटी तर घरी करता येते, त्यासाठी डॉक्टर कशाला अडकवायचा? मात्र एक नियम भिंतीवर लावा: एफआयटी पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी. "मूळव्याध असेल, परत एकदा करून बघू" हे मी सिनियर लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि दुसरी निगेटिव्ह आली की सगळे खुश. पहिली पॉझिटिव्ह त्याने पुसली जात नाही हो.

आकडे दाखवायचे तर प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आणि एकांतात दाखवा. कोलोनोस्कोपी करणाऱ्याला किती टक्के लोकांत अ‍ॅडेनोमा (आतड्यातल्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी) सापडतात हा चांगला आकडा आहे, २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात हा दर १ टक्क्याने वाढला की पुढे कॅन्सर होण्याचा धोका साधारण ३ टक्क्यांनी कमी दिसला. भर मीटिंगमध्ये यादी लावली की माणसं चिडतात आणि मग आकड्यांवरच वाद घालत बसतात.

पेशंटशी बोलताना टक्केवारी टाळा, माणसं मोजा. १००० बायकांचा मॅमोग्राम केला तर अंदाजे १०० जणींना परत बोलावलं जातं आणि कॅन्सर निघतो पाचेक जणींना. हे आधीच सांगितलं तर परत बोलावल्याचा फोन आला की बाई हादरत नाही, आणि पुढच्या वेळी यायचं टाळतही नाही.

यश कशाने मोजायचं? किती टेस्ट केल्या याने तर अजिबात नाही, वरिष्ठ नेमकं तेच विचारणार तरीही. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण वाढलं हेही फसवं, कारण निदान लवकर झालं की घड्याळ लवकर सुरू होतं, माणूस एक दिवस जास्त जगला नाही तरी आकडा वाढतो. तुम्ही बघा पॉझिटिव्हपैकी किती जण निदानापर्यंत पोचले आणि किती दिवसांत, कॅन्सर कुठल्या स्टेजला सापडतोय, आणि निगेटिव्ह सांगितलेल्यांपैकी कुणाला मधल्या काळात कॅन्सर निघाला का. शेवटचं बघायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

पैसे एकाच गोष्टीला मिळणार असतील तर मशीनऐवजी एक नॅव्हिगेटर मागा. १९९० मध्ये हॅरोल्ड फ्रीमन या सर्जनने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ही पद्धत सुरू केली: पेशंटला फोन करणारा, तारखा जुळवणारा, फॉर्म भरून देणारा, भीती वाटली तर सोबत जाणारा माणूस. तो दर सोमवारी अर्धा तास तुमच्यासमोर बसेल, अडकलेल्या सगळ्या पॉझिटिव्ह लोकांची यादी घेऊन, आणि जे नाव दोन सोमवार तसंच राहिलं असेल त्या पेशंटला फोन तुम्ही स्वतः लावायचा, तिथेच, त्याच्यासमोर.