ओळखीच्या घरात स्वमग्न मूल असेल, तर मदत कशी करावी?

"काही लागलं तर सांगा हं." स्वमग्न मुलांच्या आईवडिलांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते "हो हो" म्हणतात आणि विसरून जातात. सांगणार तरी काय? आपल्या मुलाशी बोलायचं कसं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर मूल सोपवून दोन तास बाहेर जायचं धाडस कोण करेल? मीही माझ्या बहिणीला हे वाक्य कितीतरी वर्षं ऐकवत होते. भाचा आता सतरा वर्षांचा आहे. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत माझी मदत त्या वाक्यापुढे सरकली नव्हती.

हा लेख आईवडिलांसाठी नाही. त्यांना शिकवणारे पुष्कळ असतात, जरा जास्तच असतात. हा आहे मावशी-काकांसाठी, शेजाऱ्यांसाठी, मित्रमैत्रिणींसाठी.

आधी सल्ले थांबवा

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हा आजार नव्हे, मेंदूची जडणघडणच वेगळी असण्याची ही गोष्ट आहे. संवाद, इतरांशी वागणं, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची जाणीव, ठरलेल्या क्रमाची ओढ या सगळ्यांत हा वेगळेपणा दिसतो. कुणाला एक शब्दही बोलता येत नाही, तर कुणी एखाद्या विषयावर तासभर अस्खलित बोलेल आणि दारावरची बेल वाजली की कान दाबून खाली बसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे तुमच्या ओळखीत कुणीच नाही, असं होणं कठीण.

१९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला, तेव्हापासून हे निदान ओळखलं जाऊ लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आईच्या कोरडेपणावर सगळं खापर फोडलं गेलं. ते साफ चुकीचं होतं. यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे आणि मेंदूतले बदल बहुतेक जन्माआधीच सुरू झालेले असतात. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लेख तर तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. तरीही "तू नोकरी करतेस म्हणून", "मोबाईल दिल्यामुळे", "फार लाडावलंय" हे ऐकणं आयांच्या नशिबी अजून आहेच. तुम्ही निदान त्या रांगेत उभे राहू नका.

आणि 'खात्रीशीर बरं करणाऱ्या' उपायांचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. शरीरातले धातू काढून टाकणारी औषधं किंवा ब्लीचसारखी द्रावणं मुलांना दिली गेली आहेत, आणि त्यांतून जिवावर बेतलं आहे. ऑटिझम 'घालवणारं' औषध नाही. भाषा, रोजची कौशल्यं, झोप, चिंता, फिट्स यांवर मात्र खरीखुरी मदत मिळते.

तीन प्रश्न विचारा, उत्तरं लिहून घ्या

तो काय हवं-नको कसं सांगतो? कशाने त्रास होतो? त्रास झाला की कशाने बरं वाटतं?

एवढंच. पण उत्तर ऐकून मान डोलवू नका, लिहून ठेवा. बहिणीने मला सांगितलं होतं की तो हाताची बोटं डोळ्यांसमोर हलवतो तेव्हा त्याला थांबवायचं नाही. त्याने त्याचं डोकं शांत राहतं. मी तरी दोनदा त्याचा हात धरून खाली केलाच. डोलणं, बोटं हलवणं, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं याला स्टिमिंग म्हणतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत नसेल, तर ते थांबवायचं काही कारण नाही. लोक बघतात हे कारण आपलं, त्याचं नव्हे.

मूल स्वतः सांगू शकत असेल, मग ते बोलून, लिहून किंवा टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून असो, तर हे प्रश्न आधी त्यालाच विचारा. त्याच्या डोक्यावरून आईशी त्याच्याबद्दल बोलू नका. जो बोलत नाही त्याला समजत नाही, हा आपला सगळ्यांत मोठा गैरसमज.

कमी बोला, जास्त थांबा

आधी नाव घ्या. मग एक छोटं, सरळ वाक्य. मग थांबा, मनात दहा आकडे मोजा. त्याला वाक्य ऐकून, उलगडून, उत्तर जुळवायला वेळ लागतो. दोन सेकंदांनी आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, की त्याचं जुळवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

टोमणे, अर्धवट वाक्यं, "जरा एक मिनिट" असली भाषा टाळा. एक मिनिट म्हणालात, तर तो साठ सेकंदांनी समोर उभा असेल. डोळ्यांत बघायचा आग्रह धरू नका. अनेकांना बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. तुमचंच वाक्य त्याने परत म्हटलं तर ती थट्टा नाही. तोही बोलण्याचाच एक प्रकार आहे आणि पुष्कळदा त्याचा अर्थ 'हो' असतो. चित्रं किंवा बोलणारं उपकरण वापरू दिलं तर मूल आळशी होऊन कधीच बोलणार नाही, ही भीतीही खरी नाही. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला, तो मला फार पटतो. स्वमग्न माणसांना आपण कळत नाही हे जितकं खरं, तितकंच आपल्याला तेही कळत नाहीत. मग सगळी कसरत एकट्या त्याच्याकडूनच का?

दोन तास त्याच्याजवळ बसा

सगळ्यांत मोलाची मदत हीच, आणि ती करणारं माणूस सगळ्यांत दुर्मीळ.

मी पहिल्यांदा बसले त्या संध्याकाळी बहीण गेली, दार लागलं, आणि तो दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारू लागला. हूं हूं असा आवाज काढत. मी मागे मागे: "काय झालं? पाणी हवंय? टीव्ही लावू? आई येईल हं आत्ता." मी जितकी बोलत गेले तितका त्याचा आवाज चढत गेला. बारा वर्षांची भाची आतल्या खोलीतून आली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'आई – ७:००', आणि तो कागद घड्याळाखाली चिकटवला. तो थांबला. कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि जमिनीवर बसून त्याचे ठोकळे लावू लागला.

सातला दहा कमी असताना बहिणीचा फोन आला: रहदारीत अडकलेय. माझ्या पोटात गोळा. आता मला कळलं होतं, म्हणून मी कागदावरच्या ७:०० वर काट मारली आणि बाजूला ७:२५ लिहिलं. तो चिडला. दोनदा कपाळावर हात मारला त्याने. पण फेऱ्या नाहीत, किंचाळणं नाही. बदललेली वेळसुद्धा डोळ्यांना दिसली की पेलता येते. हवेत विरलेलं "आत्ता येईल" पेलत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. पहिल्या दोन-तीन वेळा आई घरात असतानाच जायचं, नुसतं त्याच्या आसपास बसायचं, तो जे करतोय त्यात हळूच सामील व्हायचं. मग अर्धा तास एकटं, मग तास. काय काय होणार आहे ते क्रमाने लिहायचं किंवा काढायचं: मावशी येते, ठोकळे, खाणं, आंघोळ, आई येते. झालेल्या गोष्टीवर काट. उग्र अत्तर लावून जायचं नाही. आणि ठरलेला वार मोडायचा नाही. हे त्याच्यासाठी जितकं, तितकंच बहिणीसाठीही, कारण ज्या मदतीचा भरवसा नाही तिच्यावर कुणी दंतवैद्याची वेळ घेत नाही.

निरोपही असा पाठवा: "मंगळवारी पाच ते सात मी मोकळी आहे. त्याच्याजवळ बसू, की तुझी बाहेरची कामं उरकून आणू?" दोनातलं एक निवडणं सोपं जातं. आणि ती त्या दोन तासांत नुसती झोपली, तर "काय केलंस मग?" असं विचारू नका.

स्फोट झाला तर

याला मेल्टडाउन म्हणतात. हा हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल अधूनमधून आपल्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मेंदूच्या सहनशक्तीबाहेर काहीतरी गेलेलं असतं, मागितलेली वस्तू दिली तरी तो थांबत नाही. अशा वेळी:

आवाज बंद करा, दिवे मंद करा, बघ्यांना बाहेर काढा. एकाच माणसाने जवळ राहायचं. टोकदार, काचेच्या वस्तू उचला. बोलू नका, किंवा फार तर "मी आहे" इतकंच. त्याला आवडतं हे माहीत नसेल तर स्पर्श करू नका. पालथं पाडून दाबून धरणं किंवा अंगावर बसणं कधीही नाही, त्यात श्वास अडकून मृत्यू झाले आहेत. आणि फोन खिशात ठेवा. चित्रण करणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

ओसरलं की तो थकलेला असतो, बहुधा खजीलही. उलटतपासणी नको. काय झालं असावं हे नंतर, दुसऱ्या दिवशी, मोठ्यांनी शांतपणे शोधायचं. काही मुलं फुटत नाहीत, गोठतात. बोलणं बंद, हालचाल बंद. तेही तितकंच गंभीर, फक्त कुणाला त्रास होत नाही म्हणून दुर्लक्षित राहतं.

शेजाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. काही मुलं घरातून न सांगता निघून जातात. अनेकांना पाण्याची ओढ असते आणि अशा घटनांतले बरेच मृत्यू बुडून होतात. म्हणून शोधायची वेळ आली तर आधी पाण्याकडे धावा: विहीर, तलाव, उघडी टाकी, पोहण्याची जागा. मोठ्याने हाका मारल्या तर तो ओ देईलच असं नाही, उलट लपेल. त्याचा अलीकडचा फोटो आणि आईचा नंबर तुमच्या फोनमध्ये आजच ठेवा.

तो मोठा होतोय हे लक्षात ठेवा

लहानपणी 'गोड' वाटणाऱ्या मुलाभोवतीची माणसं त्याला मिसरूड फुटली की पांगतात. खरी गरज तिथेच सुरू होते.

सतरा वर्षांच्या मुलाशी सतरा वर्षांच्या मुलासारखंच बोला, त्याला शब्द कमी येत असले तरी. गालगुच्चे नकोत. मिठी विचारून, आणि तो नको म्हणाला तर नको. ज्याचं 'नको' घरात मानलं जातं, त्यालाच बाहेर कुणी गैर हात लावला तर 'नको' म्हणता येण्याची शक्यता असते. शरीरातले बदल, पाळी, दार लावून करायच्या गोष्टी हे सगळं बदल सुरू व्हायच्या आधीच, खऱ्या शब्दांत आणि चित्रांनी सांगावं लागतं. आईला हे मुलापाशी किंवा बाबांना मुलीपाशी अवघड जात असेल, तर विश्वासातल्या मावशी-काकांचा इथे उपयोग होतो.

वागणं अचानक बिघडलं तर 'वय आहे' म्हणून सोडू नका. आधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ तपासून घ्यायला सांगा. दुखतंय हे अनेकांना नेमकं सांगता येत नाही. फिट्सचं प्रमाणही स्वमग्न मुलांत जास्त असतं आणि त्या किशोरवयात पहिल्यांदा दिसू शकतात. जी मुलं, विशेषतः मुली, शाळेत दिवसभर इतरांसारखं वागून दाखवतात आणि घरी येऊन कोसळतात, त्यांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं. चिंता आणि नैराश्य या वयात खूप आढळतं. जगणं नकोसं झाल्याचं कुणी सपाट, भावनाशून्य आवाजात सांगितलं तरी ते पूर्ण गंभीर समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुमच्या हातात काम देणं असेल, तर मुलाखतीऐवजी दोन दिवस प्रत्यक्ष काम करून पाहू द्या. सूचना लिहून द्या, एका वेळी एक. माझ्या भाच्याला एका ओळखीच्या छापखान्यात आठवड्यातून दोन सकाळी कागद मोजून गठ्ठे बांधायचं काम मिळालं आहे. तो एकही पान चुकत नाही. दुपारी एकला मात्र हातातला गठ्ठा अर्धा असला तरी निघतो. मालकांनी शेवटचा गठ्ठा साडेबारालाच द्यायला सुरुवात केली, प्रश्न मिटला.

भावंडाला विसरू नका

घड्याळाखाली कागद लावणारी ती भाची. तिच्या शाळेच्या कार्यक्रमांतून आईवडील अर्ध्यात उठून गेले आहेत, किती वेळा ते तिने मोजलेलं नाही असं ती म्हणते. मी महिन्यातून एक रविवार फक्त तिचा ठेवला. भावाचा विषय तिने काढला तरच.

चौदाव्या वर्षी तिने तो काढला. "मावशी, आईबाबांनंतर याचं मीच बघायचं ना?" मी "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणणार होते. मग तो कागद आठवला. त्याच आठवड्यात बहीण, मेहुणे आणि मी बसलो आणि लिहून काढलं: तो कुठे राहील, पैशाचं कोण बघेल, औषधं कोणती, त्याला काय चालतं, काय नाही, कायदेशीर पालकत्वासाठी कुठल्या वकिलाला भेटायचं. दर वर्षी आम्ही तो कागद काढून दुरुस्त करतो. भाची अठराची झाल्यापासून तीही बसते, आणि गेल्या वर्षीपासून आम्ही भाच्यालाही विचारतो. जबाबदारीच्या रकान्यात पहिलं नाव माझं आहे. तिच्या नावाची जागा आम्ही कोरी सोडली आहे. भरायची की नाही ते तिने ठरवायचं.