भट्टीशेजारी आणि आम्लाच्या वाफेत टिकेल असा स्पीड सेन्सर कसा निवडावा

टेबलावरच्या तीन ‘मेलेल्या’ प्रॉक्सींना (धातू जवळ आला की सिग्नल देणारे सेन्सर; शाफ्टवरचे दात किंवा पट्ट्या मोजून त्यांच्यावरून वेग कळतो) २४ व्होल्ट दिले आणि तोंडाशी स्क्रूड्रायव्हर नेला. तिघींचेही दिवे लागले! बडोद्याजवळ नंदेसरीच्या बाजूला एका कारखान्यातल्या रोटरी ड्रायरवरून (फिरत्या पिंपात माल वाळवणाऱ्या यंत्रावरून) दोन महिन्यांत त्या काढल्या होत्या, आणि आता चौपट किमतीचा परदेशी सेन्सर मागवायचं चाललं होतं. दुखणं होतं प्लगवाल्या केबलच्या शेवटच्या वीतभर तुकड्यात. ड्रायरच्या झळीनं पीव्हीसी कडक होऊन तडकलं होतं आणि आम्लाची वाफ तांब्यापर्यंत पोचली होती. दर वेळी नवा सेन्सर लावताना प्लग हलायचा, चार दिवस बरं चालायचं, म्हणून केबलवर कुणाचा संशयच गेला नाही.

मकरपुऱ्याच्या दुकानात ‘अठरा एमएम, पीएनपी, एनओ’ (जाडी, आउटपुटचा प्रकार आणि धातू दिसल्यावर चालू होणारा) एवढं म्हटलं की सेन्सर काउंटरवर येतो. सेन्सर कुठे बसणार आहे, हे मात्र दुकानदार विचारत नाही. ते आपणच ठरवून जायचं.

पायरी १ : कॅटलॉग मिटा, यंत्रापाशी जा

वहीत लिहा: शाफ्टचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेग, अंगावर काय उडतं (पाणी, तेल, आम्ल, भुकटी), कंपन किती, केबल कुठून जाणार, शेजारी ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) पॉवर केबल आहेत का. तापमान सेन्सरच्या जागीच मोजा, तेही यंत्र तासभर चालल्यावर, भर दुपारी. बडोद्यात मे महिन्यात शेडच चाळिशीच्या वर असते आणि साध्या प्रॉक्सीची मर्यादा बहुधा ७० अंशांची. इन्फ्रारेड गननं मोजणार असाल तर चकचकीत पत्र्यावर काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. चकाकत्या धातूवर ती गन सर्रास कमी आकडा दाखवते.

पायरी २ : वेगाचं गणित

आरपीएम (मिनिटाला फेरे) गुणिले दात, भागिले ६०, म्हणजे हर्ट्झ (सेकंदाला पल्स). ६० दातांचं चाक १४४० आरपीएमनं फिरलं तर १४४० हर्ट्झ. एवढ्याला साधी प्रॉक्सी पुरेलच असं नाही. डेटाशीटवरची स्विचिंग फ्रीक्वेन्सी (सेन्सर सेकंदाला किती वेळा चालू-बंद होऊ शकतो) पाहा. आकारानं मोठी प्रॉक्सी सहसा हळू असते.

उलटी अडचण हळू यंत्रांची, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ड्रायर ३ आरपीएमनं फिरतो आणि शाफ्टवर एकच पट्टी वेल्ड केली आहे, तर पल्स दर २० सेकंदांनी येणार. साखळी तुटली तरी पॅनेलला ते कळायला २० सेकंदांहून जास्त लागतील, तोवर आत मालाचा ढीग. तिथेच १२ पट्ट्या लावल्या तर पावणेदोन सेकंदांच्या आत पुढची पल्स हवी. महागड्या सेन्सरपेक्षा हे वेल्डिंग स्वस्त पडतं.

पायरी ३ : प्रकार ठरवा

मॅग्नेटिक पिकअपला (चुंबक आणि तारेची गुंडाळी) वीजपुरवठा लागत नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे उष्णता चांगली सोसतो. डिझेल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर तो म्हणूनच दिसतो. पण त्याचा सिग्नल वेगावर जगतो. शाफ्ट हळू झाला की सिग्नल मरतो. ड्रायरला तो नकोच. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) शून्य वेगापर्यंत काम करतो आणि भरभर दातही मोजतो, मात्र टार्गेट, म्हणजे समोरून फिरणारा भाग, लोखंडी किंवा चुंबक बसवलेलं हवं. पट्टी-बोल्ट मोजायला इंडक्टिव्ह प्रॉक्सी बरी. ऑप्टिकल एन्कोडर (प्रकाशानं फेरे मोजणारा) भुकटीच्या जागी मी लावत नाही.

पायरी ४ : सेन्सर आणि पट्टीमधली फट

एम१८ (१८ मिमी जाडीच्या) फ्लश, म्हणजे तोंडापर्यंत धातूत बसणाऱ्या, प्रॉक्सीवर ५ मिमी अंतर लिहिलेलं असतं ते साध्या पोलादासाठी. ॲल्युमिनियमला त्याच्या साधारण ०.४ पट, म्हणजे २ मिमीच धरा. पट्टी सेन्सरच्या तोंडापेक्षा अरुंद असेल तर अंतर आणखी घटतं. मी लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बसवतो, पण बेअरिंग झिजल्यावर शाफ्ट किती हलतो ते आधी पाहून. नाहीतर सेन्सरचं तोंडच फुटतं.

पायरी ५ : अंगरखा

आयपी हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, ते काही अर्ध्या तासात ओसरलं नव्हतं. खड्ड्यातल्या पंपाला आयपी६८ बघा आणि किती खोली, किती वेळ, हे उत्पादकाकडून लिहून घ्या. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुलाई होत असेल तर आयपी६९के. या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात. आम्लाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. आम्लाच्या वाफेत निकेल चढवलेलं पितळ हिरवं पडतं, नट जाम होतो. तिथे ३१६ स्टेनलेसचं अंग आणि त्याच धातूचे नट घ्या.

सॉल्व्हंटची वाफ असलेल्या, स्फोटाचा धोका असलेल्या झोनमध्ये ही निवड एकट्यानं करू नका. तिथे त्या झोनसाठी पेसोची (स्फोटक सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता असलेलाच सेन्सर हवा. बहुतेकदा नामूर प्रकारचा (कमी ऊर्जेवर चालणारा), ८.२ व्होल्टचा, पॅनेलमधल्या आयसोलेटरमार्फत (झोनमध्ये धोकादायक वीज जाऊ न देणाऱ्या उपकरणामार्फत) जोडलेला.

पायरी ६ : केबल

माझा निम्मा वेळ इथे जातो. तेल आणि घासणं असेल तर पीव्हीसीऐवजी पीयूआर (पॉलियुरेथेन), झळ असेल तर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन. सिलिकॉन घासलं की फाटतं, म्हणून त्याला लवचीक धातूच्या नळीतून न्या. प्लगच्या अलीकडे केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. पहिला क्लॅम्प सेन्सरपासून वीतभरावर, आणि तो सेन्सर ज्या ब्रॅकेटवर आहे त्याच ब्रॅकेटवर. तो हलत्या गार्डवर लावला तर कंपनानं तारा तुटतात. ड्राइव्हची पॉवर केबल वेगळ्या ट्रेमधून न्या. सिग्नलला पीळ दिलेली शील्डेड केबल वापरा आणि शील्ड पॅनेलच्या टोकालाच अर्थ करा. दोन्ही टोकांना केल्यावर आकडे नाचलेले मी पाहिले आहेत.

बसवून झालं की यंत्र बंद आणि लॉक करून शाफ्ट हातानं एक फेरा फिरवा आणि दिवा किती वेळा लागतो ते मोजा. १२ पट्ट्यांना ११ वेळा लागला तर एक पट्टी वाकडी आहे. मोजलेली फट ब्रॅकेटवर रंगानं लिहून ठेवा. स्टोअरमध्ये स्पेअर सेन्सरच्या पिशवीतच स्पेअर केबलही बांधून ठेवा. त्या ड्रायरची प्रॉक्सी आता बदललीच तर केबलसकटच बदलतात.