अर्धवेळ किंवा स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनी आरोग्य विमा कसा घ्यावा

सकाळी कोथरूडला स्वतःचा दवाखाना, दुपारी एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ओपीडी, संध्याकाळी सिंहगड रोडला दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये दोन तास. पुण्यातल्या बऱ्याच डॉक्टरांचा दिवस असा वाटलेला असतो आणि यांपैकी एकाही ठिकाणी ते नोकरीला नसतात. तरी "वेळ आली तर आपलंच हॉस्पिटल आहे, बघतील की" हा भरवसा पक्का. बघतातही. ओळखीचा सर्जन फी घेत नाही, भूलतज्ज्ञही घेत नाही. पण स्टेंट, इम्प्लांट, आयसीयूचे दिवस आणि औषधं यांचं बिल स्नेहापोटी माफ होत नाही.

आधी आपण कुठे बसतो ते बघा

आपला २६एएस (कुणी किती पैसे दिले आणि किती कर कापला याचा आयकर खात्याकडचा तपशील) उघडा. हॉस्पिटलकडून आलेले पैसे पगार म्हणून दाखवलेत की प्रोफेशनल फी म्हणून दहा टक्के टीडीएस कापून? दुसरं असेल तर तुम्ही तिथले कर्मचारी नाही आणि कर्मचाऱ्यांच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा नाहीच. खात्री करायची तर एचआरला लेखी विचारा. कॉरिडॉरमध्ये मिळालेलं "हो सर, तुम्ही आहातच त्यात" हे उत्तर धरू नका.

नवरा किंवा बायको हिंजवडीत आयटीत असेल तर घरात एक ग्रुप पॉलिसी असतेच. ती राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. नोकरी गेली की तीही जाते आणि तोवर आपलं वय नि साखर दोन्ही वाढलेली असतात.

प्रपोजल फॉर्मच्या आधी स्वतःची केस लिहा

डॉक्टरांचं घोडं अडतं ते इथे. पेशंटची हिस्टरी घेताना आपण खोदून खोदून विचारतो, स्वतःची मात्र कुठेच नोंद नसते. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एमआरने दिलेल्या टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीच्या सॅम्पल स्ट्रिपा असतात, त्यातली एक गोळी रोज सकाळी चहाबरोबर जाते. ना केसपेपर, ना प्रिस्क्रिप्शन. मग विमा कंपनीचा डॉक्टर फोनवर विचारतो, "काही औषध चालू आहे का?" आणि तोंडातून सहज निघून जातं, "नाही, तसं काही नाही."

हे उत्तर महागात पडतं. पुढे कधी ॲडमिट झालात की तिथला रेसिडेंट इमानदारीने लिहितो, "के/सी/ओ हायपरटेन्शन, पाच वर्षं", म्हणजे बीपीचा त्रास आधीपासूनच आहे. टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) नेमका तोच कागद वाचतो. सामान्य माणूस "मला ठाऊक नव्हतं" असं म्हणू शकतो, एमबीबीएस माणसाचं ते कोण ऐकणार?

म्हणून बीपी, साखर, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, कधीतरी काढलेला एमआरआय, सगळं एका कागदावर उतरवा. सहकाऱ्याकडे रीतसर तपासून घ्या, त्याच्या लेटरहेडवर औषधं लिहून घ्या आणि तेच फॉर्ममध्ये भरा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा वेटिंग पिरियड (त्या आजाराचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) लागेल, एवढंच. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी हा काळ जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पण हे कलम आहे म्हणून गप्प बसून पाच वर्षं काढावीत, असा सल्ला कुणी दिला तर तो एजंट बदला.

'मेडिकल प्रॅक्टिशनर'ची व्याख्याही वाचा. बऱ्याच पॉलिसींत विमाधारकाने स्वतः किंवा जवळच्या नातेवाइकाने केलेले उपचार धरत नाहीत. नवरा-बायको दोघंही डॉक्टर आणि घरचंच नर्सिंग होम असेल तर हा प्रश्न कंपनीला ईमेलने आधीच विचारून ठेवा.

रक्कम आणि अटी

माझ्या मते पुण्यातल्या कुटुंबाने दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाख डिडक्टिबलचा (म्हणजे दहा लाखांच्या वरचाच खर्च देणारा) सुपर टॉप-अप घ्यावा. एकच भलीमोठी पॉलिसी घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. साधा टॉप-अप नको. वर्षात सहा लाख आणि सात लाख अशी दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल दहाच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज करून वरचे तीन लाख देतो. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा. फ्लोटरचा (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो.

रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी शोधा. मर्यादा पाच हजारांची आणि खोली दहा हजारांची घेतली, तर फक्त खोलीभाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. को-पे (प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा आपणच भरायची अट) शक्यतो नकोच. हे सगळं पॉलिसीसोबत येणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात असतं. आधी ते वाचा, चकचकीत ब्रोशर नंतर. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

नेटवर्क हॉस्पिटलांची यादी लांबलचक असते. तुम्ही खरोखर जिथे जाल ती दोन-तीन नावं त्यात आहेत का, एवढंच बघा आणि त्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कलाही फोन करून विचारा, कारण करार अधूनमधून तुटतात. यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस (बिल कंपनीने परस्पर भरणं) मागता येतं. ठरवून ॲडमिट होणार असाल तर ४८ तास आधी कळवायचं, तातडीचं असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांत.

संघटनेची ग्रुप पॉलिसी

टिळक रोडच्या आयएमए हाउसमध्ये किंवा तुमच्या पॅथीच्या संघटनेत अशी काही योजना चालू आहे का, विचारून बघा. वय जास्त असेल किंवा आधीचा आजार असेल तर ती उपयोगी पडू शकते. पण करार संघटना आणि कंपनी यांच्यात असतो, अटी दरवर्षी बदलू शकतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व फॅमिली फ्लोटर पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवरची ही सूट नाही. हप्त्यांची तुलना करताना हे धरा.

पैसे भरताना

तुमचा स्वतःचा आरोग्य विमा हा दवाखान्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. आपण ज्याला ८०डी म्हणून ओळखतो ती वजावट वेगळी मिळते: स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजारांपर्यंत, ज्येष्ठ आई-वडिलांसाठी आणखी ५० हजारांपर्यंत. मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि हप्ता रोखीने भरलेला नसेल तर. उत्पन्न खालीवर होत असेल तर मासिक हप्ता सोयीचा वाटतो, पण त्यात हप्ता चुकल्यावर मिळणारी सवलतीची मुदत १५ दिवसांचीच, वार्षिक हप्त्याला ३० दिवस मिळतात. शक्यतो वर्षाचा हप्ता एकदम भरून मोकळे व्हा.

प्रोफेशनल इंडेम्निटी आहे म्हणून आरोग्य विमा आहे असं समजणारेही भेटतात! ती पेशंटने केलेल्या दाव्यासाठी, तुमच्या आजारपणासाठी नाही. उलट मनगट मोडलं आणि दोन महिने ओटी बंद राहिली, तर बुडालेली कमाई आरोग्य विमाही देत नाही. त्यासाठी अपघात विमा घ्या आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता त्यात आहे ना, ते बघा. हातावर पोट असलेल्या सर्जनने हे आधी करावं.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी लागत नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद ऐकला जातो. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि प्रपोजल फॉर्मची प्रत. ही प्रत पॉलिसी घेतानाच मागून ठेवा.